पाला, शेक आणि पारख

विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराच्या कुशीत फुलपाडा आहे. वर देवीच्या पायऱ्या, जवळच पापडखिंड धरणाचे पाणी आणि जुन्या पाड्याच्या जागी दाटीने उभ्या राहिलेल्या चाळी आणि इमारती. २००९ साली चार नगरपालिका एकत्र येऊन वसई-विरार महानगरपालिका झाली, त्याच्या आधीपासून इथे तळकोकणातली, घाटावरची, उत्तरेकडची कुटुंबे येऊन राहत होती. येताना त्यांनी ट्रंका आणि देव्हारे आणले, तशी आपापली औषधेही आणली. रात्रीतून पायाचा अंगठा लालभडक होऊन सुजला, पांघरुणाचा स्पर्शही सोसेना, तर यांतले कुठलेही घर तत्काळ उपाय सांगेल: निर्गुडीच्या पाल्याचा शेक, सुंठीच्या काढ्यातून एरंडेल, ओवा-लसूण घालून कढवलेले तेल, गुळवेलीचा काढा, आणि हे करून भागले नाही, तर वज्रेश्वरीच्या कुंडात पाय. डॉक्टर त्याला गाऊट म्हणतात. घरात मात्र त्याला 'वात आला' किंवा अलीकडे 'युरिक ॲसिड वाढले' एवढेच म्हटले जाते. या घरगुती औषधांना एक इतिहास आहे आणि तो वाचला की एक गोष्ट स्पष्ट होते. या औषधांचा जीव मुळीत किंवा पाल्यात कधीच एकटा नव्हता. तो दुखणे ओळखण्यात आणि पथ्यात होता. गेल्या काही शतकांत मुळी आपल्या हाती राहिली, पारख आणि पथ्य मागे पडले. आज घरगुती उपायांबद्दल जो वाद चालतो, त्याच्या मुळाशी हीच तूट आहे.

या तुटीची सुरुवात शब्दापासून झाली आहे. 'वात' हा मराठी बोलण्यातला फार मोठ्या पोटाचा शब्द. गुडघा झिजला तरी वात, कंबर धरली तरी वात, बोटे सकाळी आखडली तरी वात, अंगठा पेटला तरी वात. प्रत्यक्षात ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली सांधेदुखीची एक मोठी पाहणी झाली. तिच्यात ४,०९२ प्रौढांना घरोघरी जाऊन विचारण्यात आले. त्यांपैकी ७४६ जणांना हाडा-सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते, म्हणजे शेकडा अठरा. पाहणी झालेल्या सगळ्यांत खरा गाऊट हजारात सुमारे एकाला निघाला. शहरांत आज हे प्रमाण अधिक असू शकेल, पण मुद्दा आकड्याच्या लहानमोठेपणाचा नाही. वात असे ज्याला नाव दिले जाते, त्यातला बहुतेक भाग गाऊट नसतोच. मग 'वातावर हे घ्या' असे सांगणारा उपाय ज्या शंभर माणसांना लागू पडला, त्यांतल्या किती जणांना गाऊट होता, हे कोणी सांगायचे? एका शब्दाखाली चार रोग गोळा झाले की एका रोगावरचे यश दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, आणि औषधाची कीर्ती खरी असूनही चुकीच्या पायावर उभी राहते.

जुन्या वैद्यकाने मात्र हा घोळ केलेला नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा अध्याय वेगळा आहे आणि त्याच्या पुढचा, एकोणतिसावा, अध्याय पूर्णपणे वातरक्ताला दिलेला आहे. वायू आणि रक्त दोन्ही बिघडून, हातापायांच्या लहान सांध्यांत आधी उतरणारे आणि मग अंगभर पसरणारे हे दुखणे, असे त्याचे वर्णन आहे. त्याला 'आढ्यवात' असेही एक नाव आहे. आढ्य म्हणजे धनिक. सुकुमार प्रकृतीची, गोडधोड खाणारी, पायी न फिरणारी माणसे याला बळी पडतात, असे तिथे सांगितले आहे. युरोपातही शतकानुशतके गाऊटला राजेरजवाड्यांचा रोग म्हणत, आणि दोन्हीकडच्या वैद्यांनी हे स्वतंत्रपणे पाहिले असावे असे मानायला जागा आहे, कारण दोन्हीकडे मूळ एकच होते: भरलेले ताट आणि बसलेले शरीर. पण उत्तर कोकणाच्या दृष्टीने त्या अध्यायातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. रोगाच्या कारणांच्या यादीत पाण्यातल्या आणि पाणथळीतल्या प्राण्यांचे मांस आहे, सुकवलेले मांस आहे, खारट आणि आंबट पदार्थ आहेत, मद्य आहे. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या किनाऱ्यावर सुके बोंबील, जवळा, खारवलेली मासळी आणि ताडी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे खाणेपिणे आहे. ही यादी कोणाच्या अन्नाला दोष देण्यासाठी केलेली नाही. ज्याला हा रोग जडला आहे, त्याने कशापासून लांब राहायचे, हे त्यात सांगितले आहे. म्हणजे औषधाच्या आधी वैद्य ताटाकडे पाहत होता.

याहून महत्त्वाचा आहे तो रोगांमधला फरक. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा माधवनिदान हा ग्रंथ केवळ रोगनिदानाला वाहिलेला आहे, आणि त्यात आमवात आणि वातरक्त यांची प्रकरणे स्वतंत्र आहेत. आमवाताला पुढच्या ग्रंथकारांनी लंघन आणि कोरडा शेक सांगितला. गरम वाळूच्या पुरचुंडीचा शेक त्यातलाच. वातरक्तात मात्र चरकाने आधी कोणता दोष बळावला आहे ते पाहायला लावले. सांधा लाल आहे, तापलेला आहे, आग होते आहे, म्हणजे रक्त आणि पित्त प्रबळ आहे. अशा वेळी उष्ण उपचारांनी दाह वाढतो, कातडी फुटते, म्हणून दूध-तुपाचे शीतल सिंचन आणि थंड लेप करावेत. उलट वायू-कफ प्रबळ असतील, सांधा जड आणि थंड असेल, तर अतिशीत उपचार अपाय करतात. म्हणजे 'शेकावे की गार करावे' या प्रश्नाला त्या परंपरेत एकच उत्तर नव्हते, आधी सांध्यावर हात ठेवून पाहणे होते. आधुनिक निरीक्षण इथे जुन्याला येऊन मिळते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत तीव्र गाऊटच्या १९ रुग्णांना सारखीच औषधे देण्यात आली, आणि त्यांतल्या काहींच्या सांध्यावर त्याशिवाय बर्फ ठेवण्यात आला. बर्फ ठेवलेल्यांचे दुखणे अधिक उतरले. एकोणीस ही संख्या फार लहान आहे आणि तिच्यावर मोठी इमारत उभारू नये. पण पेटलेल्या अंगठ्यावर गरम निर्गुडी बांधणाऱ्या घराला ती एक इशारा नक्कीच देते, आणि तो इशारा त्या घराच्या स्वतःच्या परंपरेत आधीपासून होता.

हाच प्रश्न कुंडांच्या काठी अधिक ठळक होतो. फुलपाड्याहून महामार्गावरच्या शिरसाड फाट्यावर जावे आणि अंबाडीच्या रस्त्याला लागावे, की तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, निंबवली ही गरम पाण्याच्या झऱ्यांची गावे लागतात. खडकांतल्या भेगांतून पावसाचे पाणी खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगांनी वर येते. पालघरमधल्या सातिवलीपासून रत्नागिरीतल्या राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची एक माळच कोकणपट्टीत आहे. वज्रेश्वरीचे मंदिर वसईच्या मोहिमेशी जोडलेले आहे: वसईचा किल्ला मिळाला तर देवीचे मंदिर बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी केला आणि १७३९ च्या विजयानंतर तो फेडला, अशी परंपरा सांगते. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही या कुंडांची नोंद घेतली. झिजलेला गुडघा, आखडलेली कंबर, लकव्यानंतर ताठरलेला हात यांना गरम पाण्यात उतरल्यावर सैलपणा येतो, स्नायू मोकळे होतात, त्याला कारणही आहे: ऊब आणि पाण्याचा आधार. कुंडाची कीर्ती या दुखण्यांनी मिळवलेली आहे आणि ती खोटी नाही. पण सगळ्याच वाताला एक कुंड, असे झाल्यावर ताजा, तापलेला, लाल अंगठाही त्याच पाण्यात गेला. जुन्या वैद्याने त्या माणसाला काठावरच थांबवले असते. कुंडात दोष नाही आणि श्रद्धेतही नाही; काठावर विचारला जाणारा प्रश्न मात्र हरवला आहे.

पारख हरवण्याची गोष्ट सोळाव्या शतकात वसईच्या परिसरालाही येऊन भिडलेल्या जगभरच्या व्यापाराशीही जोडता येते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि त्याच वर्षी गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा वैद्य म्हणून संबंध आला, मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते, आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हिंदुस्थानातल्या औषधींची माहिती युरोपला पहिल्यांदा इतक्या तपशिलाने मिळाली. त्यातला एक संवाद चोपचिनीवर आहे. ही चीनमधून आलेली मुळी. फिरंगरोगावर, म्हणजे सिफिलिसवर, तिचा बोलबाला झाला. आयुर्वेदाचा ग्रंथकार भावमिश्र यानेही त्याच शतकात फिरंगरोगाचे नाव घेतले आणि त्यावर चोपचिनी सांगितली. पण मुळी एका रोगावर थांबली नाही. सम्राट पाचवा चार्ल्स गाऊटने जर्जर झाला होता, त्यानेही ती घेतली, आणि शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसने १५४६ साली तिच्यावर पत्ररूप पुस्तक लिहिताना तिच्या गुणांबद्दल शंका दाखवली. चार्ल्सच्या गाऊटबद्दल आज शंका उरलेली नाही: २००६ साली त्याच्या जतन केलेल्या करंगळीच्या हाडाची तपासणी झाली, तिच्यात युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, स्फटिक आणि त्यांनी पोखरलेले हाड सापडले. जहाजाने मुळी एका खंडातून दुसऱ्यात नेली, पण ती कोणत्या रोगाची, कोणत्या अवस्थेची, कोणत्या पथ्यासह, हे सोबत गेले नाही. फुलपाड्यात आज मोबाइलवर फिरणारी औषधाची पाककृती त्याच जहाजाची वंशज आहे. ती लगेच पोहोचते आणि अर्धी पोहोचते.

याच्या उलट उदाहरणही इतिहासात आहे, आणि ते सुरंजानचे आहे. केशराच्या फुलासारख्या दिसणाऱ्या कोल्चिकमच्या कंदाला युनानी हकीम सुरंजान म्हणतात. सहाव्या शतकातल्या अलेक्झांडर ऑफ ट्रॅलीसने या जातीचा कंद सांधेदुखीवर वापरला. अरबी-फारसी वैद्यकातून तो हिंदुस्थानात आला, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गोड आणि कडू अशा दोन सुरंजान विकल्या जात. कडवा कंद गाऊटवर खरेच काम करतो. १८२० साली फ्रान्समध्ये पेलेतिए आणि कावांतू यांनी त्यातले द्रव्य वेगळे केले. आज तेच कोल्चिसिन म्हणून डॉक्टर लिहून देतात. म्हणजे गाऊटवरचे सर्वांत जुने आणि अजून टिकलेले औषध वनस्पतीतूनच आले आहे. पण त्याच वनस्पतीने माणसे मेलीही आहेत, कारण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. अलीकडेपर्यंत डॉक्टरसुद्धा जुलाब लागेपर्यंत गोळ्या चालू ठेवायला सांगत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले की तासाभरात दिलेल्या १.८ मिलिग्रॅमने सहा तासांत दिलेल्या ४.८ मिलिग्रॅमइतकाच आराम पडतो आणि त्रास पुष्कळ कमी होतो. सुरंजान टिकली ती कोणी तरी तिचा रोग ओळखला, तिचे द्रव्य मोजले आणि मात्रा पुन्हापुन्हा तपासली म्हणून. 'नैसर्गिक आहे, म्हणून अपाय नाही' या समजुतीला सुरंजानइतके चोख उत्तर दुसरे नाही. आणि 'वनस्पतीत काय असते' या तुच्छतेलाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापखान्याने घरगुती औषधाचे रूप बदलले. १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'त गुळवेलीला जागा मिळाली. मुंबईत विल्यम डायमॉकने पश्चिम हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींची माहिती जमवून छापली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी आयुष्यभर जमवलेले काम त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली, बसूंच्या सहकार्याने 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' म्हणून प्रसिद्ध झाले. मराठी घरांत पोहोचले ते शंकर दाजीशास्त्री पदे यांचे काम. १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात करणाऱ्या पदेशास्त्र्यांचा 'आर्यभिषक्' पिढ्यान्‌पिढ्या कपाटात राहिला. वैद्य न परवडणाऱ्या, गावात वैद्य नसणाऱ्या घरांना या पुस्तकांनी मोठा आधार दिला, आणि मराठीतून वैद्यक उपलब्ध करणे हे त्या काळी धैर्याचे काम होते. पण अशा ग्रंथांची मांडणी बहुधा वनस्पतीवार असते: अमुक झाड, आणि त्याखाली ते कशाकशावर चालते. निदानग्रंथाची मांडणी रोगवार होती: अमुक लक्षणे, म्हणून अमुक रोग, म्हणून अमुक उपचार. वाचक झाडापासून सुरुवात करू लागला की प्रश्नाची दिशाच फिरते. 'मला काय झाले आहे' याऐवजी 'निर्गुडी कशाला चालते' असे विचारले जाते, आणि उत्तरात 'वात' असा शब्द येतोच. पुस्तक लिहिणाऱ्यांना रोगांमधला भेद चांगला ठाऊक होता. पण तो भेद करणारा वैद्याचा हात पुस्तकाबरोबर छापता येत नव्हता.

पथ्याच्या बाबतीत झालेला बदल याहून चमत्कारिक आहे, आणि तो रोज लाखो ताटांत दिसतो. युरिक ॲसिड वाढले असे कळले की घरात पहिली बंदी येते ती डाळीवर: तूर बंद, मसूर बंद, पालक बंद. हे पथ्य 'आपले जुने' आहे असे पुष्कळांना वाटते. चरकाचा अध्याय उघडला तर तिथे वातरक्ताच्या रोग्याला तूर, हरभरा, मूग, मसूर आणि मटकी यांचे सार भरपूर तूप घालून द्यावे असे सांगितले आहे, सोबत जुना तांदूळ, गहू, जव आणि दूध. वर्ज्य यादीत कुळीथ, उडीद आणि वाल आहेत, पण तूर-मूग नाहीत. मग सरसकट डाळबंदी आली कुठून? ज्या काळी युरिक ॲसिडचा शोध नवा होता, त्या काळाकडे पाहावे लागते. रसायनशास्त्रज्ञ शेलेने १७७६ साली मुतखड्यात युरिक ॲसिड ओळखले, इंग्रज डॉक्टर गॅरडने १८४८ साली गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात ते दाखवले, आणि १८९२ साली अलेक्झांडर हेगने जवळजवळ प्रत्येक रोगाचे खापर युरिक ॲसिडवर फोडणारे पुस्तक लिहून मांस-मासळीबरोबर कडधान्ये, चहा आणि कॉफीही वर्ज्य केली. ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते ते पदार्थातले प्युरीन मोजून बंदी घालण्याच्या या पद्धतीचेच वळण आजच्या डाळबंदीत दिसते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७,१५० पुरुषांवर बारा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. मांस आणि समुद्री मासळी अधिक खाणाऱ्यांत गाऊट अधिक झाला, दूधदुभते घेणाऱ्यांत कमी, आणि प्युरीन असलेल्या भाज्या-कडधान्यांचा वाढीशी संबंध दिसला नाही. जे आपल्या नावावर चालते ते एका परक्या तर्काचे अवशेष आहे, आणि जे खरोखर आपले होते ते नव्या मोजणीशी बरेचसे जुळते. ज्या घरात डाळ हेच मुख्य प्रथिन आहे, त्या घराला हा फरक कळणे औषधाइतकेच मोलाचे आहे.

गुळवेलीची गोष्ट या सगळ्या प्रश्नाला आजच्या दिवसापर्यंत आणते. वातरक्तावर गुळवेल आयुर्वेदाच्या ग्रंथांत पुढे आहे, आणि तुंगारेश्वरच्या रानापासून शहापूरच्या जंगलापर्यंत ती झाडांवर चढलेली दिसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिच्या प्रतिकारशक्तीवरच्या परिणामांचा आधुनिक पद्धतीने अभ्यास केला. करोनाच्या साथीत तिची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा शहापूरच्या कातकरी तरुणांच्या संस्थेला ३५० टन गुळवेलीची, सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या रान ओळखणाऱ्या माणसांना त्या ओळखीचा मोबदला मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच सुमारास मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली: गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. हा वाद दोन्ही बाजूंनी ज्या मुद्द्यावर येऊन थांबतो, तो ओळखीचाच आहे: वेल कोणती, घेणारा कोण, त्याचे यकृत कसे, किती दिवस, किती मात्रा. कातकरी माणूस वेलीची जात पानावरून सांगतो, वैद्य रोग्याची प्रकृती पाहतो, प्रयोगशाळा रक्त तपासते. विकतच्या काढ्याच्या बाटलीला मात्र यांतले काहीच करता येत नाही.

या विवेचनावर तीन आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा: शतकानुशतके लोकांना या उपायांनी बरे वाटले, तो अनुभव खोटा कसा म्हणायचा? तो खोटा नाही, पण गाऊटच्या स्वभावात एक फसवणूक आहे. पहिल्या काही झटक्यांत सांधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप शांत होतो, औषध घेतले तरी आणि न घेतले तरी. त्या काळात जे केले त्याला यश मिळते. निर्गुडीला मिळते, लिंबूपाण्याला मिळते, नवसाला मिळते. आणि सांधा शांत झाला तरी स्फटिक आतच असतात; १९६१ साली मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सांध्यातल्या द्रवात ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. झटके वाढत जातात, गाठी उठतात, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून वेदना उतरणे आणि रोग उतरणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि घरगुती उपाय पहिल्या कामात मदत करतात, दुसऱ्यात क्वचित. दुसरा आक्षेप विद्वानांचा: वातरक्त म्हणजे गाऊटच, असे म्हणणे आजचे ज्ञान भूतकाळावर लादणे आहे. आक्षेप बरोबर आहे. चरकाला युरिक ॲसिड ठाऊक नव्हते, आणि वातरक्ताच्या वर्णनात इतर काही दुखणीही मिसळलेली असतील. पण माझा आधार नावाच्या बरोबरीवर नाही, रीतीवर आहे. लक्षणे वेगळी करणे, कारण ताटात शोधणे, अवस्था पाहून उपचार फिरवणे, ही रीत नाव काहीही दिले तरी टिकते, आणि तीच आपण सोडली.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे: १९६६ साली ॲलोप्युरिनॉल बाजारात आले, ते शोधणाऱ्या हिचिंग्ज आणि एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळाले, रोजच्या गोळीने युरिक ॲसिड खाली राहते, मग या जुन्या गोष्टी हव्यात कशाला? गोळी आवश्यक असेल तिथे ती घ्यावीच, आणि काढ्यासाठी ती सोडू नये, हे निःसंकोच सांगायला हवे. पण गोळी वर्षानुवर्षे घ्यायची असते, आणि वर्षानुवर्षे टिकते ते पथ्यच. मद्य, विशेषतः बिअर, गोड शीतपेये, मांस-मासळीचा अतिरेक, वाढते वजन, कमी पाणी यांचे नियमन कोणतीही गोळी करत नाही. ते घरात होते. दुसरे असे की झटक्याच्या रात्री दवाखाना बंद असतो आणि औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेली वेदनाशामक गोळी मधुमेही, रक्तदाब असलेल्या, मूत्रपिंड दुबळे झालेल्या माणसाला गाऊटपेक्षा मोठा अपाय करू शकते. त्या रात्री घरानेच काय करायचे ते ठरवायचे असते. म्हणून घरगुती उपायांना हद्दपार करण्याचा सल्ला मला निरुपयोगी वाटतो, आणि त्यांना सर्वशक्तिमान ठरवणारा सल्ला धोकादायक.

इतिहासातून जे हाती येते ते फुलपाड्यातल्या घरालाही सहज वापरता येईल असे आहे. सांधा लाल आणि गरम असेल तर त्याला उंचावर विसावा द्यावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी थोडा वेळ ठेवावी, पाणी भरपूर प्यावे, दूध-ताक-डाळ-भात बिनधास्त घ्यावा, दारू आणि सुकी मासळी त्या काळात बाजूला ठेवावी. गरम शेक, तेलाने चोळणे आणि कुंड हे सूज उतरल्यावर, जुनाट ताठरपणासाठी राखून ठेवावे. अंगात ताप भरला, एकाच सांध्याने पेट घेतला आणि पूर्वी कधी असे झाले नसेल, तर तो सांध्यातला जंतुसंसर्गही असू शकतो. तिथे कोणताही पाला बांधत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊन नाव निश्चित करावे, कारण नावाशिवाय घेतलेले औषध हे अंधारात फेकलेले आहे. यात नवे काही नाही. अंगाला हात लावून उष्ण आहे की शीत ते पाहणे, कधी सुरू झाले, आधी काय खाल्ले, वडिलांना असे होते का, हे विचारणे, एवढेच आहे. वज्रेश्वरीच्या काठावर, गार्सियाच्या संवादात, पदेशास्त्र्यांच्या पानांत आणि आजच्या प्रयोगशाळेत जे जे टिकले ते या विचारण्यामुळे टिकले. निर्गुडी फुलपाड्याच्या डोंगरउतारावर अजूनही फुटते आहे. तिच्याकडे जाण्याआधी सांध्यावर हात ठेवण्याची सवय घराघरांत परतली, तर आजीचा शब्द आणि डॉक्टरचा शब्द यांत आज जे भांडण दिसते, त्याला फारसे कारणच उरणार नाही.